सावळ्या-गव्हाळ कातडीवर प्रकाशाचे उपचार : आयपीएल, लेसर, एलईडी (कोल्हापूर आणि परिसर)

भिंगवाल्या_बाई

राजारामपुरीतून ताराराणी चौकाकडं जाताना फोटोफेशियल, लेसर टोनिंग, अँटी एजिंग अशा पाट्या आता ओळीनं दिसतात. माझ्या धाकट्या बहिणीनं (वय ५४) त्यातल्या एका ठिकाणी चौकशी केली. तिला सांगण्यात आलं, सहा सिटिंगचं पॅकेज घ्या, दहा वर्षं तरुण दिसाल. कोणता प्रकाश, किती जोराचा, चेहऱ्यावरच्या नेमक्या कशासाठी, याचा उल्लेखही नाही. तिनं घरी येऊन मला विचारलं आणि मला वाटलं की हे सगळ्यांसाठीच लिहावं.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत आले. औषधोपचाराचं डॉक्टरांनी सांगावं, पण कातडीत शिरल्यावर प्रकाश काय करतो ते मी सांगू शकते. माझं म्हणणं असं आहे की यंत्राचं नाव आणि पॅकेजचा दर नंतर विचारा. आपल्या कातडीत मेलॅनिन किती आहे आणि हा प्रकाश त्याच्याशी कसा वागेल, हे आधी विचारा. समोरच्याला याचं उत्तर देता येत नसेल तर त्या खुर्चीत बसू नका.

आता थोडं विज्ञान. कातडीवर पडलेला काही प्रकाश परत फिरतो, काही आत विखुरतो, काही शोषला जातो. परिणाम घडतो तो या शोषलेल्या भागामुळं. शोषणारे मुख्य पदार्थ तीन : रंग देणारं मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि पाणी. प्रत्येकाची शोषणाची तरंगलांबी वेगळी. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडलं की योग्य तरंगलांबी निवडली आणि प्रकाशाचा स्पंद पुरेसा आखूड ठेवला, तर उष्णता लक्ष्याच्या आतच राहते. ती शेजारच्या पेशींपर्यंत पसरायच्या आत काम झालेलं असतं. आजचे बहुतेक लेसर आणि आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट, पाट्यांवरचं फोटोफेशियल ते हेच) उपचार याच तत्त्वावर उभे आहेत.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रकाश. आयपीएल हा लेसर नव्हे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. त्यात झेनॉनचा दिवा लखकन पेटतो आणि साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा एकदम बाहेर पडतो. पुढं फिल्टर लावून खालच्या तरंगलांब्या कापतात. ५१५, ५६०, ५९०, ६४० असे फिल्टर असतात. डाग आणि बारीक लाल शिरा यांवर तो चालतो, कारण त्या पट्ट्यात मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन दोन्ही शोषतात.

आणि इथंच आपला प्रश्न सुरू होतो. गोऱ्या युरोपीय कातडीवर मेलॅनिन मुख्यतः त्या डागात असतं, भोवतालची कातडी जवळपास मोकळी. आपल्याकडं ते सगळ्या चेहऱ्यावर पसरलेलं असतं. म्हणजे डागासाठी सोडलेला प्रकाश वाटेतल्या चांगल्या कातडीलाही तापवतो. जाहिरातीतले 'आधी आणि नंतर'चे फोटो बघताना तो चेहरा कोणत्या वर्णाचा आहे ते जरूर बघा.

तरंगलांबी वाढेल तसं मेलॅनिनचं शोषण कमी होतं. म्हणून सावळ्या वर्णासाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग लेसर ५३२ च्या मानानं जास्त सुरक्षित पडतो. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० आणि अर्बियम यागची २९४०. हे दोन्ही पाण्यात शोषले जातात, म्हणजे ते कातडीचा थर अक्षरशः वाफ करून उडवतात. आपापल्या जागी ही सगळी यंत्रं चांगलीच आहेत. पण सुरकुतीवर, डागावर आणि लाल शिरेवर एकच यंत्र चालतं असं कोणी सांगत असेल तर ते भौतिकशास्त्रात बसत नाही.

आपल्यातल्या डॉक्टरांनी पुढं लिहावं. ज्यांनी करून घेतलंय त्यांनीही लिहा. क्लिनिक-पार्लरची नावं मात्र नकोत.

---

शाहूपुरीचा_कट्टा

बाई, वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या सौ.नी मोबाइलवर बघून लाल दिव्यांचा मुखवटा मागवलाय. रोज रात्री दहा मिनिटं लावून बसतात. तोही आयपीएलसारखाच का?

---

भिंगवाल्या_बाई

नाही, अगदी वेगळा. त्यात एलईडी असतात, लाल म्हणजे साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर आणि काहींत ८३० च्या आसपासचा अवरक्त. तीव्रता एवढी कमी असते की कातडी भाजत नाही. यात उष्णतेनं काही जाळायचं नसतंच. पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे, ते हा प्रकाश शोषतं आणि पेशीचं काम थोडं चेततं, असं मानतात. याची सुरुवात हंगेरीत झाली. एंद्रे मेस्टर यांना १९६० च्या दशकात उंदरांवर मंद लेसर वापरताना दिसलं की तिथले केस भराभर उगवतायत.

उपयोग किती, ते डॉक्टर सांगतील.

---

त्वचारोग_ओपीडी

नमस्कार. मी त्वचारोगाची एमडी आहे, प्रॅक्टिस जिल्ह्यातच. बाईंनी पाया चांगला घातलाय, त्यावर लिहिते.

एलईडीपासून सुरू करते. लाल प्रकाशानं बारीक सुरकुत्या थोड्या सौम्य होतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण फरक लहान असतो आणि टिकवायचा तर चालूच ठेवावं लागतं. घरच्या मुखवट्यांची ताकद दवाखान्यातल्या पॅनेलपेक्षा बरीच कमी. साधारणपणे निर्धोक आहेत. मात्र वांग असेल तर निळ्या दिव्याचा मोड लावू नका, कारण निळा दृश्य प्रकाश सावळ्या कातडीत रंग वाढवतो. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील किंवा ल्युपस हा आजार असेल, तर विचारल्याशिवाय नको.

आता मुख्य विषय. सर्वांत गोऱ्या पहिल्यापासून सर्वांत काळ्या सहाव्यापर्यंत कातडीचे सहा प्रकार मानतात, फिट्झपॅट्रिक वर्गीकरण म्हणून. ते १९७५ मध्ये मांडलं गेलं ते सौंदर्योपचारासाठी नव्हे, सोरायसिसच्या प्रकाशोपचारात डोस ठरवायला. त्यात आधी गोऱ्या वर्णाचेच प्रकार होते, सावळ्या आणि काळ्या वर्णाचे पाचवा-सहावा प्रकार मागाहून आले. माझ्या ओपीडीतले बहुतेक चेहरे चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. चौथ्यावर आयपीएल जपून करता येतं : जास्त तरंगलांबीचा फिल्टर, कमी ऊर्जा, लांब स्पंद, चांगलं कूलिंग. पाचव्यावर मी शक्यतो करत नाही. सहाव्यावर नकोच.

आपल्या कातडीला इजा झाली की ती काळी पडून उत्तर देते. भाजलेलं भरून येतं, पण मागं काळा डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. कधी उलट होतं, पांढरट ठिपका पडतो, आणि तो परत रंगेलच याची खात्री देता येत नाही.

वय दिसण्याचा प्रकारही आपल्याकडं वेगळा आहे. गोऱ्या कातडीवर सुरकुत्या आधी येतात. आपल्याकडं मेलॅनिनच्या संरक्षणामुळं त्या उशिरा येतात, पण रंग आधी बिघडतो : गालावर छाया, ओठांभोवती काळेपणा, एकसारखेपणा जाणं. त्यामुळं पन्नाशीच्या बाई 'अँटी एजिंग' मागतात तेव्हा त्यांना बहुतेकदा रंगाचीच तक्रार असते. मग मला आधी शोधावं लागतं की हा रंग कशाचा.

वांग असेल तर आयपीएल किंवा जोरकस लेसरनं तो काही आठवडे फिका होतो आणि मग आधीपेक्षा गडद होऊन परततो. हे मी फार वेळा बघितलंय. कपाळ आणि कानशिलं काळी असतील तर केसांचा डाय विचारते. डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी खाज न येताही काळेपणा देते. मान आणि कपाळ जाड, मखमली काळं असेल तर साखर तपासायला पाठवते. गालांवर टाचणीच्या डोक्याएवढे काळे, उंच ठिपके असतील तर ते आपल्या लोकांत वयानुसार येतात, बहुधा घराण्यात असतात. ते कॉटरीनं (विजेच्या तापत्या टोकानं) एका बैठकीत निघतात, त्यासाठी पॅकेज लागत नाही. यातल्या एकालाही फोटोफेशियल हे उत्तर नाही.

---

काजळरेघ

माझं स्वतःचं पार्लर आहे, इथंच. बाईंचा आणि मॅडमचा रोख पार्लरवर दिसला म्हणून लिहिते. यंत्र विकणारे आमच्याकडं येतात, दोन दिवसांचं ट्रेनिंग देतात, सर्टिफिकेट देतात आणि सांगतात की सगळ्या स्किनला चालतं. मी ते यंत्र घेतलं नाही. ज्या गिऱ्हाइकाच्या भुवया मी वीस-वीस वर्षं करत आलेय तिच्या चेहऱ्यावर असं काही उडवायला माझं मन होत नाही. पण सगळ्या पार्लरवाल्या फसवायला बसलेल्या नाहीत, हेही लक्षात घ्या. त्यांनाही खरं कुणी सांगितलेलं नसतं. मॅडम, आमच्यासारख्यांनी गिऱ्हाइकाला काय सांगावं?

---

त्वचारोग_ओपीडी

ताई, तुम्ही ज्या कारणानं यंत्र नाकारलंत ते कारण बरोबर आहे. तुम्ही सर्वांत मोठं काम करू शकता ते सनस्क्रीनचं आणि ओळखण्याचं. एखादी गिऱ्हाईक तुमच्याकडं महिन्याला येते, माझ्याकडं वर्षात एकदाही येत नाही. वांग वाढताना दिसला, एखादा तीळ बदलताना दिसला, तर पहिली नजर तुमचीच पडते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं करणारी' मलमं कोण लावतंय हेही तुम्हालाच कळतं. त्यांतल्या कित्येकांत बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस आणि पुरळ येतं, आणि बंद केलं की आग होते. अशा चेहऱ्यावर कुठलाही प्रकाश मारणं धोक्याचं. आधी ते मलम हळूहळू सोडवावं लागतं.

---

भुदरगडची_सून

मी गारगोटीकडची. आमच्यातल्या बायका दिवसभर उसात भांगलणीला असत्यात. माझ्या मोठ्या जावेच्या गालावर काळं डाग, तिला लग्नसराईच्या आधी कोल्हापुरात एका ठिकाणी नेऊन लाइट मारून आणला. गॉगल दिला न्हवता, डोळ्यावर नुसता कापूस ठेवला. तिसऱ्या दिवशी गालावर यंत्राच्या ठोकळ्याच्या आकाराचं चौकोनी चट्टं उठलं. आता दोन पावसाळं झालं, अजून फिकट चौकोन दिसत्यात. ती लग्नाकार्यात पदर ओढून बसती. मला एवढंच विचारायचंय, ती परत रानात जाणारच हाय, तिला काय करता येईल?

---

त्वचारोग_ओपीडी

वाचून फार वाईट वाटलं. ते चौकोन म्हणजे हँडपीसची खिडकी. ऊर्जा जास्त, कूलिंग कमी, किंवा उन्हानं रापलेल्या कातडीवर केलं तर असंच होतं. रापलेल्या चेहऱ्यावर आयपीएल करायचंच नसतं. रोज शेतात जाणाऱ्या बाईला ते सुचवणं हीच मुळात चूक होती. डोळ्यांचं तर त्याहून गंभीर. बुबुळाच्या रंगीत पडद्यातही मेलॅनिन असतं आणि पापणीतून आत गेलेल्या प्रकाशानं त्याला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. कापूस चालत नाही, धातूचे किंवा पूर्ण अपारदर्शक गॉगल हवेत, आणि डोळ्याच्या खोबणीच्या आत यंत्र नेऊच नये. त्यांना उजेडाचा त्रास, दुखणं किंवा बाहुली वाकडी दिसणं असं काही असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

चट्ट्यांबद्दल : काळे चौकोन असतील तर वेळ, ऊन टाळणं आणि डॉक्टरांनी दिलेली मलमं यांनी बरेच फिके होतात. पांढरे असतील तर तपासून ठरवावं लागेल. सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) त्वचा विभागात केसपेपर काढून दाखवा, तिथं नीट बघतील. आणखी लेसर करून घ्यायला कुणी सुचवलं तर सध्या नको म्हणा.

शेतात : रुंद काठाची टोपी, किंवा पदरावरून दुपट्टा असा की गालावर सावली पडेल. नाक-गाल उघडे राहतील अशा पदराचा उपयोग नाही. सकाळी निघताना सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ येईल एवढं चेहरा-मानेला, आणि दुपारच्या भाकरीच्या वेळी परत. वांग असणाऱ्यांना रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं जास्त उपयोगी, कारण साधं पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश अडवत नाही.

---

भिंगवाल्या_बाई

उन्हाबद्दल एक जोड देते. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना मी हे मैदानात काठी रोवून दाखवत असे. ऑगस्टमध्ये आपण ढग बघून निर्धास्त असतो, पण पातळ ढगांतून अतिनील किरणं बऱ्यापैकी खाली येतात. त्यांतला यूव्हीए तर खिडकीच्या साध्या काचेतूनही येतो. तो कातडीत खोल जातो आणि कोलाजन तोडणारी विकरं चेतवतो. गाडीच्या काचेकडची बाजू जास्त सुरकुतलेली दिसते ती यामुळंच.

---

मोल्डिंग_शॉप

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. भट्टीसमोर काम करणाऱ्या आमच्या पोरांचे चेहरे चाळिशीतच काळे पडतात. ऊन तर लागत नाही. मग?

---

त्वचारोग_ओपीडी

सर, चांगला मुद्दा. दीर्घकाळाच्या उष्णतेनं आणि अवरक्त किरणांनीही रंग वाढतो, गुऱ्हाळात चुलवणाशी बसणाऱ्यांतही दिसतो. वेल्डिंगच्या लखलखाटातून तर थेट अतिनील किरणं निघतात, शेजारी उभ्या असलेल्या हेल्परलाही लागतात. नुसता काळा चष्मा घालून भागत नाही. पूर्ण चेहऱ्याचं शील्ड वेल्डरला आणि भट्टीवाल्यालाही द्या, कातडीच्या आधी डोळ्यांसाठी. काळं पडण्याचं मूळ कारण चालूच असताना लेसर केला तर पैसे वाया.

---

पुण्यातली_करवीरकर

मी पुण्यात फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड लेसर) करून घेतलंय, मुरमांच्या खड्ड्यांसाठी आणि जमलं तर सुरकुत्यांसाठीही. चांगला अनुभव म्हणून लिहिते, कारण इथं वाचून लोक सगळ्यालाच घाबरतील. डॉक्टरांनी आधी कानामागं टेस्ट पॅच केला आणि काही आठवडे वाट बघितली. आधी रात्री लावायचं मलम सुरू केलं. ओठावर तापाचे फोड (हर्पीस) येतात का विचारलं आणि येतात म्हटल्यावर आधीपासून गोळ्या दिल्या. करताना भूल देणारं क्रीम होतं तरी चटका बसतो. मग आठवडाभर चेहऱ्यावर बारीक तपकिरी खपली, सॅंडपेपरसारखी, बाहेर पडणं नाही. खड्डे पुरे गेले नाहीत, पण उथळ झाले. खरा फरक चार-पाच महिन्यांनी दिसला. घाईत असणाऱ्यांनी हे करू नये असं माझं प्रामाणिक मत.

---

त्वचारोग_ओपीडी

हा सांभाळून केलेल्या उपचाराचा नमुना आहे. पूर्वी, १९९० च्या दशकात, सीओटूनं अख्खा थर काढत असत. परिणाम मोठा, पण महिनोन्‌महिने लाली आणि उशिरानं येणारा पांढरेपणा. २००४ मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना मांडली गेली : कातडीत केसाएवढे बारीक स्तंभ तापवायचे आणि मधली कातडी शाबूत ठेवायची, म्हणजे तिथून भरून येतं. नवं कोलाजन तयार व्हायला तीन ते सहा महिने लागतात. आपल्या वर्णावर स्तंभांची दाटी कमी ठेवतात, सिटिंग जास्त आणि अंतरानं करतात. किलॉइड, म्हणजे जखमेचा वण जाड होऊन वाढण्याची प्रवृत्ती असेल किंवा मुरमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या चालू असतील वा नुकत्याच संपल्या असतील तर आधी सांगा.

आणि ज्यांना मुख्यतः सैलपणाची तक्रार आहे त्यांनी मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रीक्वेन्सीबद्दल (बारीक सुयांतून कातडीत उष्णता पोचवण्याबद्दल) विचारावं. तो प्रकाश नाही, वीज आहे, त्यामुळं तिला मेलॅनिन दिसत नाही आणि काळं पडण्याचा धोका तुलनेनं कमी.

---

शाहूपुरीचा_कट्टा

मॅडम, खर्च झेपत नसेल तर? सामान्य माणसानं काय करावं?

---

त्वचारोग_ओपीडी

सनस्क्रीन आणि रात्री ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या वर्गातलं मलम). उन्हानं म्हातारी झालेली कातडी सुधारण्याचा जितका पुरावा या ट्यूबमागं आहे तितका फार थोड्या यंत्रांमागं आहे, आणि ती लेसरच्या एका सिटिंगच्या मानानं कितीतरी स्वस्त पडते. सुरुवातीला कोरडेपणा आणि सालपटं येतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीन रात्री, मटारच्या दाण्याएवढं, मॉइश्चरायझरसोबत. गरोदरपणात आणि त्याच्या तयारीत नको. चिठ्ठीनंच घ्या. सहा महिने धीर धरा. तंबाखू-सिगारेट सोडा, मिश्री लावणाऱ्या बायकांनीसुद्धा. त्यानंतरही काही उरलं तर त्या उरलेल्यासाठी कोणता प्रकाश योग्य ते बघू.

---

नवी_सभासद_कसबा_बावडा

पहिल्यांदाच लिहितेय. डॉक्टर कोण आणि नुसता कोट घातलेला कोण हे ओळखायचं कसं? आणि दिवाळीनंतर करायचं ठरवलं तर ऋतू बरोबर आहे का?

---

भिंगवाल्या_बाई

बहिणीसाठी मी चौकशी केली तेव्हाचं सांगते. पदवी विचारायला लाजू नका. त्वचेची एमडी, डीव्हीडी, डीडीव्हीएल यांपैकी काय आहे, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे पाटीवर किंवा चिठ्ठीवर असतं. मग विचारा : यंत्र कोण चालवणार, डॉक्टर समोर असणार का, माझ्या वर्णाला कोणता फिल्टर वा तरंगलांबी, टेस्ट पॅच कधी, आणि भाजलं तर रात्री फोन कुणी उचलणार. पहिल्याच भेटीत पॅकेजचे पैसे भरायला लावत असतील तर उठून या.

ऋतूबद्दल, दिवाळीनंतर राप उतरलेला असेल तर ठीक. पण पुढच्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जाणार असाल तर शेवटची सिटिंग त्याच्या बरीच आधी हवी. डोंगरावरचं ऊन आणि ताज्या कातडीवर गुलाल, दोन्ही नको.

---

नवी_सभासद_कसबा_बावडा

धन्यवाद बाई. अजून एक. आईच्या गालावर एक काळा डाग आहे, वर्षभरात वाढलाय, मधून खपली पडते आणि एकदा रक्तही आलं. तिला तोच लेसरनं काढून हवाय.

---

त्वचारोग_ओपीडी

थांबा. तो लेसरनं अजिबात काढू नका. वाढणारा, खपली धरणारा, रक्त येणारा डाग आधी तपासायचा असतो. आपल्या वर्णात बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा असा काळाच दिसतो आणि लोक त्याला तीळ समजतात. तो हळू वाढतो, वेळेवर काढला तर बरा होतो. लेसरनं वरचा रंग उडवला तर खालचं वाढत राहतं आणि बायोप्सीला काही उरत नाही. डर्मोस्कोपनं (त्वचेच्या खास भिंगानं) बघून गरज पडली तर छोटा तुकडा तपासायला पाठवतात. घाबरू नका, बऱ्याचदा साधंच निघतं, पण बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. या आठवड्यात नेणार का?

---

नवी_सभासद_कसबा_बावडा

उद्या सकाळीच सीपीआरला नेते. रिपोर्ट आला की इथं लिहीन.